ओसरीवरचे तीन फोन

टक.

एवढाच आवाज झाला. बंद खोलीतून. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी.

पिटुकली पाचच मिनिटांपूर्वी झोपली होती. पाऊण तास थोपटून, दोनदा पाणी पाजून, तीन वेळा तीच गोष्ट सांगून. ज्यांच्या घरी चार वर्षांचं मूल आहे त्यांना ठाऊक असेल, ही झोप किती मिनतवारीनं येते ते. घर इतकं शांत होतं की पंखासुद्धा दबकत फिरत होता.

टक...

आणि मग त्या खोलीत काहीतरी किंचाळलं.

पत्र्यावर खिळा ओढावा तसं. मग खरखर. मग एक लांबलचक शिट्टी.

पिटुकली दचकून उठली आणि तिनं भोकाड पसरलं.

हे घडलेलं आहे. माझ्या घरात तान्हं असताना थापा रचायला सवड कुणाला असते? माझ्या मावसबहिणीच्या घरी घडलं, मागच्या वर्षी. गुरुवारी दुपारी सुरू झालं आणि शुक्रवारी दुपारी... संपलं असं काही मला म्हणवत नाही.

तिला मी ताई म्हणते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती कामाला होती, मूल झालं आणि काम सुटलं. चार वर्षांनी लॅबवाल्यांनी परत बोलावलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. नवरा महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. मग दुपारी पिटुकलीजवळ कोण?

शेवटी मनावर दगड ठेवून तिनं वडिलांना बोलावून घेतलं. म्हणजे माझ्या काकांना.

दगड अशासाठी, की काकांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर प्रेम होतं. मशीनवर. लहानपणी शेजाऱ्यांचा रेडिओ उघडला तेव्हापासून ते सत्तरी आली तरी. त्यांच्या घरात कॉम्प्युटर आधी आला, फ्रीज चार वर्षांनी. मावशी, म्हणजे ताईची आई, म्हणायची, "माझ्या सवतीला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही. तिला फक्त वीज लागते."

इंटरनेट घरोघरी यायच्या आधी काकांनी एक बुलेटिन बोर्ड चालवला होता. म्हणजे काय, तर घरचाच कॉम्प्युटर, घरचीच फोनची लाइन, आणि मध्ये मोडेम नावाचा चपटा डबा. लोक आपापल्या कॉम्प्युटरवरून काकांच्या घरी फोन लावायचे. फोन उचलायचा मोडेम. दोन्हीकडच्या डब्यांचे सूर जुळले की आत यायचं, निरोप वाचायचे, आपला लिहायचा, निघायचं. एका वेळी एकच माणूस. काकांनी बोर्डाला नाव दिलं होतं, 'ओसरी'. कुणीही यावं, टेकावं, दोन शब्द बोलावे.

बायकोशी दोन शब्द बोलायला मात्र त्यांना सवड नव्हती.

मावशी गेली तेव्हा ताई आठ वर्षांची होती. बस स्टँडवर छातीत कळ आली आणि जागच्या जागी गेली, असं काकांनी सगळ्यांना सांगितलं. काही कळायच्या आत गेली, त्रास झाला नाही. आम्ही सगळे त्याच एका वाक्याला धरून होतो.

तर बुधवारी काका आले. एक कपड्यांची पिशवी आणि तीन खोकी. खोक्यांत तोच जुना कॉम्प्युटर, तोच मोडेम.

"पिटुकलीला दाखवतो," म्हणाले. "आजोबांची ओसरी."

"तिला सांभाळायला बोलावलंय बाबा, प्रदर्शन भरवायला नाही," ताई म्हणाली.

आणि गुरुवारी दुपारी ते किंचाळलं.

रडणाऱ्या पोरीला कडेवर घेऊन ताई खोलीत घुसली. काका खुर्चीवर ताठ बसले होते.

"पाऊण तास झोपवत होते मी तिला. पाऊण तास. तुम्हाला खेळायचंच असेल तर गच्चीवर जाऊन खेळा."

"मी हात लावला नाही अगं."

"मग काय भुतानं लावला?"

काकांनी मोडेमच्या मागून फोनची तार ओढून दाखवली. तिचं दुसरं टोक नुसतंच लोंबत होतं. त्या घरात फोनची लाइन नव्हतीच. कधीच नव्हती.

"फोन आल्याशिवाय हा वाजत नाही," काका हळूच म्हणाले.

ताईनं ऐकून घेतलं नाही. राग डोक्यात गेला की माणसाला तार दिसत नाही. पोरीला घेऊन ती स्वतःच गच्चीवर निघून गेली. संध्याकाळी काकांनी मोडेमचा वीजपुरवठाच काढला, वायर गुंडाळून कपाटात टाकली. जेवताना एक शब्द बोलले नाहीत. एरवी हा माणूस वरणभात कालवतानाही प्रोसेसर समजावून सांगायचा.

शुक्रवारी दुपारी काका केस कापायला गेले. पिटुकली झोपली. ताई त्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. कॉम्प्युटर चालू होता, काकांनी सकाळपासून जुने निरोप उघडून ठेवले होते. मोडेम बाजूला, वीज नाही, फोन नाही, नुसता डबा.

तीन चाळीस.

टक...

डब्यावर हिरवा दिवा लागला.

ताईच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला. किंकाळी आली. पण आज तिच्या आत काहीतरी होतं. शिट्टीच्या खाली... कुणीतरी दम खात असावं तसं.

मग बंद.

पडद्यावर आपोआप एक ओळ उमटली. काकांनीच लिहिलेला प्रोग्रॅम, त्याच्याच भाषेत.

'आला. सूर जुळला नाही. गेला.'

पुढे वेळ, तीन चाळीस. आणि पुढे तारीख.

तारीख आजची नव्हती. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची होती. ताईला ती कुणी झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. मावशी गेली ती तारीख.

तिनं एक बटण दाबलं. त्या दिवसाचे निरोप उघडले. सगळ्यात वर काकांची सूचना होती.

'आज दुपारी कुणी नवशिके तीनदा आले आणि नुसतेच फुरफुरून गेले. ज्याला जोडता येत नाही त्यानं आधी शिकून यावं, मग ओसरीवर पाय ठेवावा.'

खाली सात जणांनी हसून दाद दिली होती. एकानं लिहिलं होतं, बिचाऱ्याला पाट द्या, पाणी द्या.

टक...

तीन त्रेचाळीस. दिवा. किंकाळी. आणि खाली तो दम, आता जास्त जवळ, जास्त तुटक.

ती थांबली तेव्हा दारात काका उभे होते. मानेवर कापलेले केस तसेच. त्यांचं लक्ष ताईकडे नव्हतं, पडद्याकडे होतं.

"तीन चाळीस, तीन त्रेचाळीस, तीन एक्कावन्न," ते म्हणाले. न वाचता.

"कोण होतं ते?"

काकांनी मानेवरचे केस झटकले.

"बाबा, कोण फोन करत होतं?"

"स्टँडसमोर वह्या-पेनांचं दुकान होतं. तिथं नाणं टाकायचा फोन होता." काका दारालाच टेकून खाली बसले. "दुकानदार तेराव्या दिवशी आला होता. म्हणाला, बाई तीनदा फोन लावत होत्या. प्रत्येक वेळी कानावर हात ठेवून रिसिव्हर लांब करायच्या. म्हणत होत्या, अहो, मी आहे. अहो, मी आहे."

ताईला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"आपलं ठरलेलं होतं," काका बोलत राहिले. "मोडेम तिसऱ्या रिंगला उचलायचा. घरचं कुणी असलं तर एक रिंग देऊन ठेवायचं, परत लावायचं. म्हणजे मी डबा बंद करून फोन घ्यायचो. त्या आठवड्यात लोकांची कुरकुर होती, तीन रिंग थांबावं लागतं म्हणून. मी तो पहिल्याच रिंगला उचलेल असं लावून टाकलं. तिला सांगायचं राहिलं."

"घरीच होतात तुम्ही."

"समोरच होतो. आवाज बंद करून ठेवला होता, कामात व्यत्यय नको म्हणून. दिवा दिसत होता."

"दिवा दिसत होता."

"मला वाटलं कुणीतरी शिकाऊ..."

"ते वाचलं मी. पाट द्या, पाणी द्या." ताईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अकरा मिनिटं ती उभी होती बाबा. तुम्ही आम्हाला सांगितलंत, कळायच्या आत गेली. मी त्या वाक्यावर मोठी झाले. रात्री भीती वाटली की तेच म्हणून झोपायचे. आणि तुम्हाला माहीत होतं."

"तू आठ वर्षांची होतीस."

"आज किती वर्षांची आहे?"

काकांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आणि तोच डबा तुम्ही इथं आणलात. माझ्या मुलीला दाखवायला. सोमवारपासून मी तिला तुमच्यापाशी सोडून जाणार होते. ती हाक मारत राहील आणि तुम्ही दिवा बघत बसाल. उठा. पिशवी भरा. संध्याकाळची गाडी मिळेल तुम्हाला."

काका उठले नाहीत. म्हणाले, "जातो. पण तो तिसरा एकदा येऊ दे. काल तू गच्चीवर गेल्यावर मी बोलायचा प्रयत्न केला त्यात. या किंचाळण्यापुढे ऐकूच जात नाही तिला."

'तिला' म्हणाले ते. आणि ताईचं डोकं फिरलं.

तिनं स्वयंपाकघरातून बत्ता आणला. पहिल्या घावात डब्याचं झाकण तडकलं. दुसऱ्यात दिव्यांची पट्टी उडाली. ती मारतच राहिली. अठ्ठावीस वर्षं साठलेलं होतं, ते काही दोन घावांत संपणार नव्हतं. तारा, पत्रे, स्क्रू, सगळं फरशीवर पसरलं. काका हात जोडून बसले होते, पण अडवायला पुढे आले नाहीत.

घड्याळात तीन पन्नास.

ती धापा टाकत उभी राहिली. वाट बघत.

तीन एक्कावन्न.

...काहीच नाही.

टक नाही. शिट्टी नाही. पडद्यावर ओळ नाही.

ताई म्हणते, तेव्हा तिला क्षणभर हसूच आलं. एवढं सोपं होतं तर. ही गोष्ट तिनं मला फोनवर सांगितली, माझं बाळ पदराखाली होतं, आणि इथपर्यंत आल्यावर ती इतका वेळ गप्प झाली की मला वाटलं फोन कट झाला. मी हॅलो हॅलो म्हणाले. तिनं मला दरडावलं, "हॅलो म्हणू नकोस."

तर ती शांतता. काकांचं हुंदके दाबणं. खाली कुणाची तरी स्कूटर.

आणि पलीकडून पिटुकलीचं बोलणं.

ती कधी उठून आली होती कुणास ठाऊक. दाराशी फरशीवर बसली होती, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. डब्यातून उडालेला एक छोटासा गोल स्पीकर घरंगळत तिच्यापर्यंत गेला होता. नाण्याएवढा. त्याच्या दोन तुटक्या तारा तिच्या बोटांतून लोंबत होत्या.

तिनं तो कानाला लावला होता.

"हो," ती म्हणत होती. "हो... आहेत. आजोबा आहेत. रडतायत."

ताईला ओरडायचं होतं. तिनं बत्ता खाली ठेवला.

"आई पण आहे... हो, मोठी झाली."

काका भिंतीला धरून उभे राहिले. एक पाऊल पुढे आले आणि तिथंच थिजले.

पिटुकलीनं स्पीकरवर हात ठेवला. मोठी माणसं फोनवर ठेवतात तसा, पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून. हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं.

"आई, एक काकू आहेत. खूप दमल्यात," ती कुजबुजली. "त्या विचारतायत, मला न्यायला कोण येतंय? काय सांगू?"