आधी सुट तरी!

धामणकर नाक्यावर लडकूकाकांची शेअर रिक्षा सगळ्या सीटा भरल्याशिवाय हलत नाही. त्या सकाळी मी मागे बसून ताटकळत होते, आणि शेजारचा मुलगा मोबाइलवर रॉकेट बघत होता. उलटी मोजणी शून्यापाशी आली... आणि थांबली.

"अरे देवा!" माझ्याच तोंडून निघालं.

तो दचकला, हसला आणि मोबाइल दोघांच्या मध्ये धरला. भावेश त्याचं नाव, खारबावचा, मानकोलीच्या एका गोदामात कामाला. तीन महिन्यांत जगभरातल्या कंपन्यांची किती रॉकेटं यशस्वी उडतील, याचा अंदाज तो एका वेबसाइटवर लावायचा. बक्षीस वगैरे काही नाही, नुसती हौस!

"यादीत साठ हायेत. दोन पडतील," तो म्हणाला. "म्हणजे अठ्ठावन्न."

"आणि जी सुटणारच नाहीत ती?"

"म्हणजे?"

"मी मानकोलीलाच गोदामातून गाड्या रवाना करते. गाडी उलटते वर्षातून एखादी. पण यादीतल्या सगळ्या ठरल्या दिवशी सुटल्या, असं कधी झालं न्हाय. आज माल नाही, उद्या ड्रायव्हर नाही..."

दुसऱ्या दिवशी त्याच रिक्षात तो म्हणाला, "पंचेचाळीस केलं. तुमच्यामुळे."

मग 'तुमच्या'चं 'तुझ्या' कधी झालं, कळलंच नाही. पावसाची झड आत आली की तो सरकायचा — बरोबर माझ्याच बाजूला. मीही कुठे लांब सरकत होते म्हणा!

"सुकन्या, एक सांगायचं होतं..."

"सांग ना."

"उद्या सांगतो."

असे किती उद्या गेले! माणसं नकाराला घाबरतात म्हणे. पण नकार मिळतो तो थोड्यांनाच. बाकीच्यांचं सगळं नुसतं पुढे ढकलण्यातच सरतं, आणि त्याचं दुःख करायलाही कुणी बसत नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी चव्वेचाळीस रॉकेटं झाली होती. भावेशच्या पंचेचाळीसला एकच कमी होतं. आता गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"रविवारी मला बघायला येतायत," मी म्हणाले. "पडघ्याहून. घरच्यांना स्थळ पसंत आहे."

त्याचा चेहरा उतरला. "हे एक उडू दे... मग बोलतो. देवाशपथ!"

"म्हणजे माझं नशीब त्या रॉकेटवर? वा रे वा!"

तरी मीही श्वास रोखून मोबाइलकडे बघत होते. मोजणी थांबली. वारा जास्त होता. उड्डाण पुढच्या आठवड्यात.

मला रडूच कोसळलं. मी तोंड फिरवलं. बाहेर लडकूकाका ओरडत होते, "मानकोली, मानकोली, एक सीट!"

"काका," भावेश पुढे वाकून म्हणाला, "त्या सीटचे मी देतो. थांबू नका आता. मानकोलीला न्हाय... हिच्या घरी चला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू मला फार आवडतेस. रविवारच्या आधी तुझ्या बाबांना विचारायचंय."

कडेला बसलेल्या, रोज आमच्याच रिक्षाने येणाऱ्या धोंडूबाई टोपली उचलून हसत उतरल्या. "बोलला एकदाचा! जा पोरांनो, मना दुसरी रिक्षा गावंल."

रिक्षा सुरू झाली, तशी त्याची हिंमत पुन्हा डळमळली.

"बाबा न्हाय म्हणाले तर?"

मी डोळे पुसले आणि त्याचा हात घट्ट धरला.

"मला तूच हवायस, हे मी सांगीन त्यांना. पडलास तर पडलास, भावेश... आधी सुट तरी!"