हवामानवाला म्हणू नका

उरणच्या एस.टी. स्टँडवर एका अनोळखी तरुणाच्या पिशवीतून डोकावणारं पाऊस मोजायचं काचेचं माप दिसलं आणि सुंदराचं डोकंच फिरलं.

ब्याऐंशी सालचा एप्रिल. आठवड्यापूर्वी रेडिओने कोरडं हवामान सांगितलं आणि त्याच दुपारी अवकाळी सरीने तिच्या बाबांच्या मिठागरातल्या उघड्या राशी विरघळवल्या. तेव्हापासून गावात ‘हवामानवाला’ म्हणजे बोलून गायब होणारा माणूस. लग्नाला येतो सांगून न येणारा मामासुद्धा हवामानवालाच.

“हवामानवाला तूच ना?” तिने त्याला भर स्टँडवर अडवलं.

“तसं म्हणू नका… मी नंदकिशोर. निरीक्षक. पाऊस-वारा मोजून कळवतो फक्त. अंदाज दुसरे बांधतात.”

“मंग इरघललेलं मीठ कोनाला दाखवू?”

“मला दाखवा,” तो हळूच म्हणाला.

आणि खरंच आला. मग दर रविवारी येऊ लागला. तिचे बाबा, शिवराम, वाऱ्याबद्दल सांगत आणि तो वहीत लिहून घेई. लिहिता लिहिता नजर मात्र सुंदराकडे… तिला अजूनच राग येई. त्याच्यापेक्षा जास्त स्वतःचा, कारण रविवारची ती वाट बघू लागली होती.

मे महिन्यात एका सकाळी तो सायकलवरून धापा टाकत आला. हवेचा दाब उतरतोय, संध्याकाळपर्यंत पाऊस येईल, मीठ उचला म्हणाला. असं सांगायचा त्याला अधिकार नव्हता. शिवरामने विश्वासाने मीठ पिकण्याआधीच ओढून झाकलं.

पाऊस आलाच नाही. कच्चं मीठ मातकट निघालं. आठ दिवसांची मेहनत फुकट गेली. सुंदरा नुसती धुमसत होती.

दुसऱ्या सकाळी तो बांधावर हजर. मीठ वाहणाऱ्या सगळ्या बायांसमोर शिवरामला म्हणाला, “चुकलं माझं.” मग चपला काढून त्याने टोपली उचलली. दुपारपर्यंत खाऱ्या पाण्याने त्याच्या पायांना चिरा पडल्या. सुंदराने तांब्याभर गोडं पाणी रागारागाने त्याच्या पायांवर ओतलं.

“रेडिओ कदी चुकलं म्हनून सांगाया आला नाय. तू कशाला आलास?”

“तुम्ही रागावला असाल… तर समोरच रागवावं म्हणून.”

“फकस्त म्हनून?”

तो पायांकडे बघतच म्हणाला, “नाही — तुम्ही आवडता म्हणून.”

तिने रिकामा तांब्या बांधावर आपटला. तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

“मंग मला काय सांगतंस? बाबाकडं जा,” ती फणकारली. “आताच जा… मी रागानं नाय म्हनायच्या आदी.”