शेकरूच्या हातातली बंदूक

साताऱ्यातल्या एका शाळेच्या मैदानावर मुली खो-खोच्या सरावाला उतरल्या होत्या. हेमलता खोपकर, त्यांच्या बाई, दोन खांबांच्या मधोमध उभ्या राहून सूचना देत होत्या. बाईंचा धाकटा भाऊ सुजय सुट्टी काढून पुण्याहून आला होता आणि कट्ट्यावर बसून चहा पीत होता. शेजारच्या शेडवर पत्रे बदलण्याचं काम चाललं होतं. कामगाराच्या हातून एक पत्रा निसटला आणि दणदिशी फरशीवर आदळला.

सगळ्याच दचकल्या. सुजयची नजर मात्र ताईवर खिळली. तिचे पाय जमिनीत रोवल्यासारखे घट्ट झाले. गुडघे ताठ झाले. दोन्ही हात छातीसमोर उचलले गेले आणि उजव्या हाताची तर्जनी आत वळली. पुन्हा एकदा वळली. राजनंदिनी नावाची मुलगी वेगात तिच्याच दिशेनं येत होती. एरवी ताई अंग चोरून सहज बाजूला झाली असती. आज ती हलली नाही. मुलगी तिच्यावर आदळली आणि ताई तशीच, हातसुद्धा न टेकता, बुंध्यातून तोडलेल्या झाडासारखी आडवी झाली.

सुजय धावला. त्यानं ताईला उचललं. ती उभं राहण्याची ढब त्यानं ओळखली होती. ती त्यानंच घडवली होती.

काही वर्षांपूर्वी एका तापानं हेमलताच्या कानाच्या आतला, तोल सांभाळणारा भाग निकामी केला होता. राज्याच्या संघातून खेळलेली बाई भिंतीचा आधार घेत न्हाणीघरापर्यंत जाऊ लागली. सुजय तेव्हा पुण्याच्या एका कंपनीत व्हिडिओ गेम तयार करायचा. स्नायूपट्टे नुकतेच निघाले होते. पोटऱ्यांना, कमरेला आणि मनगटांना बांधायच्या त्या पातळ कापडी पट्ट्या. स्नायू कुठल्या बाजूला आखडतोय हे पट्टीला माणसाआधी कळायचं, आणि हालचाल जिकडे व्हायला हवी तिकडे ती विजेची बारीकशी टिचकी मारायची. शंभरदा टिचकी खाल्लेलं शरीर पुढच्या वेळी आपणहून वळायचं.

त्या पट्ट्यांसाठी सुजयनं ‘शेकरू’ हा खेळ बनवला, खरं तर एकट्या ताईसाठी. भीमाशंकरच्या रानातलं एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेपावत जायचं. मध्येच फांदी कडाडून मोडायची. खेळणाऱ्यानं दचकून पाय उचलायचा, भार दुसऱ्या अंगावर टाकायचा, की शेकरू पुढच्या झाडावर. पडद्यावर शेकरू उड्या मारत होतं आणि पडद्यासमोर ताईचं शरीर नव्यानं तोल शिकत होतं. चार महिन्यांत ती मैदानावर परतली. मग म्हातारी माणसं, अर्धांगातून उठलेली माणसं, सगळी ‘शेकरू’ खेळू लागली. सुजयला अनोळखी लोक वाटेत थांबवून हात जोडायचे.

पण कौतुकानं कंपनी चालत नाही. “उड्या पुरे झाल्या,” कंपनीचे संचालक सबनीस एकदा म्हणाले. “दुसऱ्या भागात शेकरूला शत्रू दे. हातात बंदूक दे. पोरांना तेच हवंय.”

सुजय आधी हसला होता. मग कामाला लागला, आणि लागला तो रंगून गेला. रानात शिकारी शिरलेत, शेकरू रान वाचवतंय, असं ठरल्यावर मनानंही हरकत घेतली नाही. दुसऱ्या भागात उड्या जवळजवळ नव्हत्याच. चाहूल लागली की पाय रोवायचे, हात उचलायचे, नेम धरून चाप ओढायचा. पट्ट्या तेच शिकवायच्या, आणि झपाट्यानं शिकवायच्या.

चाचणीच्या दिवसांत, पहिला भाग कोळून प्यायलेली एक मुलगी कचेरीच्या जिन्यावरून पडली. मागे कुणाचा तरी डबा पडल्याचं निमित्त झालं होतं; सावरायला पाय टाकायच्या ऐवजी तिचे हात नेम धरायला उठले होते. सुजयला तेव्हाच उमगलं. दचकल्यावर काय करायचं, याचं शरीर एकच उत्तर सांभाळतं. नवं उत्तर जुन्याच्या शेजारी बसत नाही, त्याच्या डोक्यावर बसतं.

त्यानं सबनीसांना सांगितलं. “सर, उपचार म्हणून पहिला भाग खेळणाऱ्यांनी हा खेळू नये, एवढी सूचना तरी देऊ.”

“तशी सूचना दिलीस तर एक तरी शाळा हा खेळ घेईल का?” सबनीसांनी विचारलं.

सुजय गप्प बसला. पुढे त्याला विभागाचा प्रमुख केलं, तेव्हाही तो गप्पच होता. ताईला फोन करावा असं कितीदा मनात आलं. पण तिला एकटीला सांगायचं, तर बाकीच्यांना का नाही, हे ती विचारणार होती.

इस्पितळात ताईचा खांदा बांधून झाला. डॉक्टर गेल्यावर ती हळूच म्हणाली, “सुजय, परत आलं रे ते.”

“काय?”

“कानाचं दुखणं. महिनाभर जिन्यावर पाय चुकतोय. कुणाला बोलले नाही. आता शाळेला सांगून टाकते, दुसरी कुणी तरी बघा म्हणून.”

काही बोलायची गरजच नव्हती. दुखणं उलटलं, एवढंच सगळ्यांनी मानलं असतं. क्षणभर सुजयला हायसं वाटलं आणि ते हायसं वाटणंच त्याला असह्य झालं.

“कान बरा आहे, ताई,” तो म्हणाला. “हे माझ्या खेळानं झालंय.” आणि त्यानं सगळं सांगितलं.

तिनं विचारलं, “तुला केव्हापासून ठाऊक होतं?”

“बाजारात यायच्या आधीपासून.”

“मी पहिल्याच दिवशी घेतला,” ती म्हणाली. “माझ्या भावानं केलाय, असं दिसेल त्याला सांगत सुटले होते.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. पण एकदम तिनं चांगल्या हातानं त्याची बाही पकडली. “अरे, मुलींनाही मीच लावलाय तो. नजर चलाख होते म्हणून. तू ऊठ आधी. तुझ्या तोंडानं त्यांना सांग.”

दुसऱ्या दिवशी सुजयनं सबनीसांना फोन केला. “मी हे जाहीर करणार आहे.”

“नोकरी जाईल, आणि कोर्टात खेचू ते वेगळंच,” सबनीस म्हणाले.

“चालेल, सर.”

मैदानावर मुली ओळीनं आपापल्या चौकात बसल्या होत्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. गळ्यात हात अडकवलेली ताई एका खांबामागे जाऊन उभी राहिली आणि काहीही न सांगता तिनं जोरात शिट्टी फुंकली. खो-खोत आवाज कानावर पडताच बसलेल्या मुलीनं उठून पळायचं असतं. तिघी उठल्या. बाकीच्या जागेवरच घट्ट झाल्या, हात समोर, बोटं वळलेली. एकमेकींकडे बघून त्या आधी हसल्या. बाई हसत नाहीत हे दिसल्यावर गप्प झाल्या.

सुजयनं त्यांना साध्या शब्दांत सांगितलं. काय बनवलं, काय कळलं होतं, आणि कळूनही काय केलं नाही.

“मग खेळणं बंद केलं की जाईल ना हे?” एकीनं विचारलं.

“नुसतं बंद करून नाही जाणार. पहिला भाग खेळावा लागेल, रोज. बाईही खेळतील. मी इथेच राहणार आहे.” तो अडखळला. “जाईल, असं मला वाटतं. खात्रीनं नाही सांगता येत.”

राजनंदिनी आपल्या हातांकडे बघत होती. “सर, परवा धाकट्या भावानं दाराआडून भॉ केलं,” ती म्हणाली. “माझे हात असेच वर गेले. बोट पण वळलं. तो खूप हसला.”

सुजय तिच्याजवळ गेला.

“पण सर,” तिनं मान वर करून विचारलं, “तेव्हा माझ्या हातात खरंच बंदूक असती, तर?”