पाळकीणबाईंची मनमुद्रा

जालन्यात हल्ली माणूस अंथरुणाला खिळला की घरचे आधी त्याची मनमुद्रा शोधायला धावतात, डॉक्टर मागाहून. आधारकार्ड हरवलं तर चालतं, पण मनमुद्रा हरवली तर माणसाला धड मरताही येत नाही. इच्छामरणाचा कायदा येऊन अकरा वर्षं झाली, आणि ही सगळी पळापळ त्यातल्या कलम नऊने लावून दिली आहे.

ते कलम घडवणाऱ्यांत रेव्हरंड देवदान शिनगारे होते. तीस वर्षं चर्चच्या मंडळीचे पाळक. आवाज भारदस्त आणि मत त्याहून पक्कं. कायदा होऊ नये म्हणून ते मुंबईपर्यंत मोर्चे घेऊन गेले. जीव देणारा देव, नेणाराही तोच, मध्ये सरकारने लुडबुड करू नये, एवढं त्यांचं म्हणणं. कायदा झालाच, तेव्हा निदान त्याला कुंपण घालावं म्हणून ते समितीवर बसले. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं त्यांनी समितीच्या गळी उतरवलं. म्हणून वेदनेत कुणी मरण मागितलं, तर ते त्याच्या मनमुद्रेशी जुळलं तरच द्यायचं असं ठरलं.

मनमुद्रा म्हणजे काय, हे डॉ. इरावती सबनीस शाळेतल्या मुलांनाही सोपं करून सांगत. जगणं, त्रास, लाज, माया या गोष्टींना प्रत्येकाचा मेंदू आपापलं वजन देतो. धडधाकट माणसाच्या डोक्यावर टोप ठेवून तीनशे प्रश्न विचारले, की त्या वजनांचा नकाशा उमटतो. अंगठ्याच्या रेषांसारखा तोही सहसा बदलत नाही. दुखणं, भीती, शोक आले की तेवढ्यापुरता विस्कटतो, इतकंच. हे शास्त्र बाईंनीच घडवलं होतं, आणि आता जिल्ह्याच्या इच्छा-निबंधक म्हणून सगळ्या मुद्रा ताडून बघणं त्यांच्याच हातात होतं.

आपल्या मंडळीच्या मुद्रा घेण्यासाठी रेव्हरंडांनी हंगामाच्या सणाचा रविवार निवडला. त्या दिवशी शेतातलं पीक देवापुढे आणून ठेवतात, सगळी मंडळी जमते आणि दुपारी एकत्र जेवण होतं. उपासना संपली, मुलांच्या शब्बाथ शाळेच्या खोलीत टोप मांडला, पण कुणी पुढे होईना. शेवटी रेव्हरंडांनी बायकोला हाक मारली. तबिथाबाई मोठ्या पातेल्यापाशी होत्या. हाताचा मसाला पदराला पुसत त्या आल्या आणि पहिल्या बसल्या. मग दोनशे चौदा माणसं मुकाट रांगेत उभी राहिली, शेवटी रेव्हरंड स्वतः. भिंतीपलीकडे गायनमंडळ गात होतं. आपली माणसं आता सुरक्षित झाली, असं वाटून रेव्हरंडांचा ऊर भरून आला.

नऊ वर्षांनी तबिथाबाईंच्या कण्यात कर्करोग उतरला. औषधाने आधी चार तास आराम पडे, मग दोन, मग अर्धा. गुरासारखं ओरडायची लाज वाटते म्हणून त्या उशी तोंडात धरत. एके दिवशी त्यांनी नर्सला सांगून अर्ज केला. आठवड्यात उत्तर आलं: मागणी मनमुद्रेशी जुळत नाही, सबब नामंजूर.

“अहो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “ती मुद्रा माझी नाहीये.”

“तुझीच आहे. मी समोर होतो की.”

“म्हणूनच म्हणते. तुम्ही दारात उभे, बाहेर सगळी मंडळी वाट बघतेय. पाळकीणबाईंनी द्यायला हवीत ती उत्तरं मी दिली. मन लावून दिली, खोटं नाही बोलले. पण तबिथाला कुणी विचारलंच नाही.”

मुद्रा घेताना हजर असलेल्या माणसाने ती दबावाखाली घेतली गेली असं शपथेवर सांगितलं, तर ती रद्द होत असे. तबिथाबाईंना तेवढंच हवं होतं.

रेव्हरंडांनी आठ दिवस घेतले. खोटं सांगायचं असतं तर त्यांनी ताडकन नाही म्हटलं असतं. इथे खरं सांगायचं होतं, आणि त्या खऱ्यापायी बायको मरणार होती. ज्याला त्यांनी आयुष्यभर पाप म्हटलं, त्यालाच हात लावायचा होता. पण न सांगावं तर उशीतलं ते कण्हणं भिंतीतूनही ऐकू येई. नवव्या दिवशी ते निबंधकांच्या कार्यालयात गेले.

“दबाव माझा होता,” ते म्हणाले. “लिहून घ्या.”

डॉ. सबनीसांनी लिहून घेतलं. मग रेव्हरंडांच्या डोक्यावर टोप ठेवला आणि पडद्यावर त्यांची जुनी मुद्रा शेजारी उघडली.

“साक्ष धरता येत नाही, रेव्हरंड. साक्षीदारालाही कलम नऊ लागू आहे. तुमच्या मुद्रेतला माणूस ही साक्ष देत नाही. मी तीनदा ताडून पाहिलं.”

“मी शुद्धीवर आहे, बाई.”

“आहात. पण दुःखात आहात.”

“त्या मुद्रेतल्या माणसाची बायको धडधाकट होती. त्याला काय कळत होतं?”

“त्याला कळत नव्हतं, आणि तरी त्याचंच ऐकायचं असं ठरलंय. समितीत मी विरोधात होते. तुम्हीच मला पटवलंत.”

रेव्हरंडांनी विचारलं, “मग माझी साक्ष घ्याल कधी?”

“शोक ओसरल्यावर.”

शोक ओसरायचा तर आधी तबिथाबाई जायला हव्यात, हे दोघांनाही कळलं.

“तुम्ही शास्त्रज्ञ आहात. तुम्ही स्वतः काही करा.”

“मलाही मुद्रा आहे,” बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. “तुम्हाला बघून मला आत्ता जे वाटतंय, तेही धरलं जाणार नाही.”

घरी आल्यावर रेव्हरंडांनी पलंगाशी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. तबिथाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“पण तुम्ही दिलीत ना साक्ष?”

“दिली.”

“मनापासून?”

“मनापासून.”

“बास मग,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याचा हात धरला. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, आणि रेव्हरंडांना ती बाई इतकी परकी आणि इतकी आपली कधीच वाटली नव्हती.

तेवढ्यात कळ आली. या वेळी उशी हाताशी नव्हती. “देवा!” त्या ओरडल्या, “देवा, ने रे!”

तीस वर्षं असल्या हाकेला रेव्हरंडांकडे एकच उत्तर असायचं: तो ऐकतोय. शेकडो खाटांशी बसून त्यांनी ते सांगितलं होतं. आज ते ओठांवर येईना. दुःखातली हाक तिथे तरी धरतात का, असा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पडला. त्यांनी तो वर बघून मोठ्याने विचारलाही. तबिथाबाई ओरडतच राहिल्या.