दयानंदची शिट्टी

विश्वास ठेवा, नका ठेवू. हे माझ्या मावसभावाच्या, सुहासच्या बाबतीत घडलंय, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

गेल्या ऑगस्टातली दुपार. सकलेशपूरकडचं रान. सुहास होणाऱ्या बायकोला, भव्याला घेऊन बेंगळुरूहून ट्रेकला गेला होता.

भव्याचं लग्न आधी दयानंदशी ठरलेलं. तो अपघातात गेला. त्याचा एक नियम होता... रानात प्रत्येक वस्तूची जोडी न्यायची, कारण ऐन वेळी काहीही बंद पडतं. आणि सगळंच बंद पडलं तर पितळी शिट्टी. मागच्याने दोनदा लांब वाजवली की पुढच्याने जागीच थांबायचं.

भव्या अजून तशीच बॅग भरायची. सुहासने नवे वॉकीटॉकी आणले, तरी म्हणाली, "शिट्टी असू दे. दया म्हणायचा, स्वल्प वजन वाढलं तर वाढू दे."

दया म्हणायचा, दया म्हणायचा...

सुहासचा जळफळाट झाला. मेलेल्या माणसाशी भांडणार तरी कसं? ट्रेकच्या आदल्या दिवशी बॅग सुहासच्याच घरी होती. त्याने गुपचूप शिट्टी काढली आणि हेब्बाळच्या तलावात भिरकावली.

रानात धुकं उतरलं. पाय मुरगळल्याने सुहास मागे पडला. भव्या पुढे, दिसेनाशी. आणि वाट कड्यावर संपत होती, हे त्याला आत्ता नकाशात दिसलं.

त्याने वॉकीटॉकीचं बटण दाबलं...

काहीच नाही. आत पाणी शिरलं होतं.

त्याने हाका मारल्या. आवाज पुढे जाईचना.

पक्षी गप्प झाले. पानांवरची टिपटिपही थांबली.

आणि मग... त्याच्या पाठीमागून... शिट्टी वाजली.

लांब. दोनदा.

तो वळला. वाट रिकामी होती.

धुक्यातून भव्याचा आवाज आला. अगदी लाडातला.

"थांबले रे, दया."

सुहास खुरडत पोचला, तेव्हा कडा तिच्यापासून हातभर होता. ती वाचली म्हणून त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याला मत्सरच वाटला. असा आवाज तिने त्याच्यासाठी कधी काढला नव्हता.

यंदा त्यांचं लग्न झालं.

परवा दोघं जयनगरच्या बाजारात गेले होते. भव्या पुढे, सुहास मागे. रस्ता ओलांडताना ती एकाएकी जागीच थांबली. लगेच समोरून एक टेम्पो भरधाव गेला.

सुहासने हाक मारली नव्हती. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

ती वळली... आणि त्याच्या खांद्यावरून मागे कुणाकडे तरी बघून हसली.

सुहासने मागे वळून बघितलं नाही. अजूनही बघत नाही.