गाढवांच्या दुकानातला हरवलेला तुकडा

"खिसे उलटे कर सिरिल, नाहीतर मी करते."

"कर की. पण आधी सांग, मी तुझा नोकर आहे का? फुकट राबतो मी इथे. वर झडती पण देऊ?"

गाढवांच्या दुकानाच्या मागच्या खोलीतलं भांडण पुढे कपबश्यांच्या फडताळापर्यंत ऐकू येत होतं. डेन्झिलनं हातातला कप खाली ठेवायचा प्रयत्न केला. उकडलेलं अंडं ठेवायचा कप. निळा, वर कोंबडी, आणि कोंबडीला डोळा एकच. अशी वस्तू मिळते का कुठे? पण फ्रेडानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दम भरला होता. घरात एक वस्तू आली की दोन बाहेर. नाहीतर तिसरा तू.

"ठेव तो कप आणि चल," हेस्टर म्हणाली. तिच्या काखेत दोन जुने दिवे, एक छत्री आणि कुणाच्या तरी लग्नातला चांदीचा चमचा होता. तिला कोण बोलणार?

हेस्टर ब्रॅथवेट खासगी गुप्तहेर. ऑफिस लाँड्रीच्या वर. पळालेले नवरे, विम्याचे खोटे दावे, असलं काम. गाडी तिला चालवता येत नाही, म्हणून डेन्झिल. तो बसचा ड्रायव्हर होता, आता घरी बसलेला. घरी बसला की फ्रेडा आवराआवर करायला लावते, त्यामुळे तो हेस्टरच्या मागे मागे फिरतो.

आणि दुकान गाढवांचं म्हणजे खरंच गाढवांचं. समुद्रकाठी पोरांना पाठीवर फिरवून म्हातारी झालेली गाढवं टेकडीवर ठेवलीत. लोक नको असलेल्या वस्तू दुकानात आणून टाकतात, दुकान त्या विकतं, गाढवं चारा खातात. समोरच मांजरांचं दुकान आहे. दोघांचं पटत नाही.

दोघं मागच्या खोलीत शिरली तेव्हा ग्लेनिस फॉदरगिल, दुकानाची मॅनेजर, कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर सिरिल ऑटरबर्न. कोट घालून, टोपी हातात. चेहरा पांढरा पडलेला.

दोघांच्या मधे टेबल. टेबलावर लाकडी जिगसॉ, पूर्ण जुळवलेलं. बंदर, होड्या, समुद्र. आणि समुद्राच्या मधोमध एक भोक.

"हे कालपर्यंत पूर्ण होतं," सिरिल म्हणाला. "शेवटचा तुकडा मी माझ्या हातानं बसवला."

"असं तू म्हणतोस," ग्लेनिस म्हणाली. "तुझ्या शब्दावर मी लिलाववाल्यांना कळवलं. हातानं कापलेलं, जुनं, पूर्ण. आज संध्याकाळी न्यायला येतायत. गोठ्याचं छप्पर व्हायचं होतं त्यात. आता काय दाखवू? भोक?"

या गावात जिगसॉ कुणी डोळे मिटून विकत घेत नाही. दुकानात कुणीतरी ते आधी जोडून बघतं आणि खोक्यावर लिहितं, पूर्ण की अपूर्ण. गाढवांच्या दुकानात ते काम सिरिलचं. बायको गेल्यापासून तो रोज येतो, या टेबलाशी बसतो, तुकडे लावतो. दुसरं कुठे जायला त्याला जागा नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, ग्लेनिसलाही.

"तसंही हे टेबल हलवायचंच होतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "जागा खातं. पसारा आवरायच्या वर्गात अर्सुलानं सांगितलंय. आज शेवटचा दिवस समज, सिरिल."

सिरिल हेस्टरकडे वळला. "तुझं कामच आहे ना शोधायचं? मग शोध. मी खोटं लिहिलं असं गाव म्हणायच्या आत."

हेस्टरनं दिवे, छत्री, चमचा, सगळं डेन्झिलच्या हातात कोंबलं आणि टेबलावर वाकली.

"तुकडा कसा होता?"

"कुणाचं तरी डोकं. मागे शेपटी. बदक असेल."

"मला तर किटली दिसते," ग्लेनिस फणकारली.

डेन्झिलला अंड्याचा कप दिसत होता.

"असे कशाच्या तरी आकाराचे तुकडे अजून आहेत?"

"एकच. कोपऱ्यात ससा. करणाऱ्याची खूण." सिरिलनं बोट ठेवलं. ससा जागेवर होता.

"काल हे टेबल मोकळं कधी होतं?"

"मी चादर घातली आणि चिप्स आणायला गेलो. परत आलो तर चादर तशीच. मी उघडून बघितलं नाही. सकाळी ग्लेनिसनं ओढली तेव्हा कळलं."

"आणि जिगसॉ जुळलंय हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना," ग्लेनिस म्हणाली. "मीच सांगितलं. गिऱ्हाइकांना, मांजरवाल्यांना मुद्दाम, गुरुवारी चर्चच्या हॉलमधे वर्गात. लपवायचं कशाला?"

"आलं कुठून हे?"

"काय माहीत. नवीन वर्ष लागलं की गाव घर साफ करतं. डोंगर येतो नुसता. खोक्यावर ना नाव ना चित्र."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला व्हेरिटी कपड्यांना वाफ देत होती. इथं आलेला प्रत्येक कपडा आधी तिच्या वाफेखालून जातो, मग त्याला प्लॅस्टिकच्या दोऱ्यानं किमतीची चिठ्ठी लागते, मग बाहेर. चोवीस-पंचवीसची पोरगी, तोंड एकदम फाटकं.

"मला विचारूच नका," ती म्हणाली. "काल ही बया फोनवर आणि मी गल्ल्यावर. मागच्या दाराची घंटी वाजली. कुणीतरी पिशवी घेऊन आलं होतं. मी तिथूनच ओरडले, ठेवा आत. बघायला गेले नाही."

"पिशवीत काय होतं?"

"जॅकेटं. बायकांची, पाच. देव भलं करो, एकालाही वाफ द्यावी लागली नाही. कॉलर कडक. हे बघा, अजून लावलीत पण नाहीत."

हेस्टरनं एक जॅकेट घेतलं. आतली शिवण उलटली. शिवणीत प्लॅस्टिकच्या दोऱ्याचा तुटका तुकडा लटकत होता. तिनं ते डेन्झिलच्या नाकाशी धरलं.

डेन्झिल सटासट तीनदा शिंकला. "लॅव्हेंडर," तो नाक पुसत म्हणाला. "मांजरवाल्यांच्या दुकानात गेलो की असंच होतं मला. त्या बाया वाफेच्या पाण्यात घालतात ते."

"छान," हेस्टर म्हणाली. डेन्झिलला कळेना, छान काय त्यात. शिंकायला त्याला, छान हिला.

पुढे पुस्तकांपाशी लायोनेल स्प्रॅट घोटाळत होता. जुन्या वस्तूंचा व्यापारी. रोज दुकान उघडायच्या आधी दारात उभा, चांगलं ते उचलतो आणि दुसऱ्या गावात चौपट भावानं विकतो.

"तुकडा गेला म्हणे," तो म्हणाला. हसू आवरत नव्हतं. "ससा आहे ना पण? ससा असेल तर मी घेतो. थोडं कमी देईन. खरी किंमत सशाची असते, बाकी सगळं लाकूड."

"काल दुपारी कुठे होतास?"

"गाडीत. बाहेर. माल लावत होतो. तुला हवी तर झडती घे, पण शोधून दाखव त्यात काही."

त्याची गाडी डेन्झिलनं बघितली होती. छतापर्यंत पिशव्या. ड्रायव्हरच्या मांडीवर एक खुर्ची.

"हाच," बाहेर आल्यावर डेन्झिल म्हणाला. "भोक पाडलं, भाव पाडला, आता स्वस्तात घेणार. मग तुकडा बसवणार. सरळ आहे."

"सरळ आहे म्हणूनच नाही. चल, अर्सुलाकडे जाऊ. गावातली निम्मी घरं तिच्या सांगण्यावरून रिकामी झालीत. जिगसॉ कुणाचं ते तिला माहीत असेल."

अर्सुला पिकरिंगचं नाव काढलं की डेन्झिलचं डोकं फिरायचं. 'एक आत, दोन बाहेर' हे तिचंच. दर गुरुवारी चर्चच्या हॉलमधे ती बायकांना पसारा टाकायला शिकवते, आणि शुक्रवारी त्यांच्या नवऱ्यांच्या वस्तू गायब होतात.

तिनं दार उघडलं. उंच, ताठ, पांढऱ्या केसांची एकच लांब वेणी पाठीवर. आत एक टेबल, दोन खुर्च्या. भिंतीवर खिळासुद्धा नाही. बोललं की आवाज परत यायचा. चहा आला तो दोन कपांत, कारण तिसरा कप घरात नव्हता. डेन्झिलनं भांड्यातून प्यायला. याच्यापेक्षा तुरुंगात बरं, त्याला वाटलं.

"लाकडी जिगसॉ? नाही बाई," अर्सुला म्हणाली. "लोक काय काय टाकतात, मी कुठे बघते. टाकतात हे महत्त्वाचं."

"तुला स्वतःला कधी पस्तावा झाला?"

"कशाचा? वस्तूंचा?" ती हसली. "कपाटं उघडून बघ. पस्तावायला काही ठेवलेलंच नाही."

हेस्टरनं खरंच उघडून बघितलं. एका कपाटात दोन झगे आणि एक कोट. बाकी हवा.

"सिरिलला आज काढतायत," हेस्टर कपाट लावत म्हणाली. "तुकडा त्यानं हरवला म्हणे. किंवा खोटं लिहिलं."

अर्सुलानं कप बशीत ठेवला. ठेवताना तो वाजला.

"सिरिलला? कशाला?"

"मग कुणाला काढणार? दुसरं कोण आहे? कोट घाल, अर्सुला. डेन्झिल सोडेल आपल्याला."

मागच्या दारालाच गाडी लावून तिघं आत आली तेव्हा लिलाववाले यायला थोडाच वेळ होता. सिरिल टेबलावरचे आपले चिमटे, भिंग आणि चहाचा कप एका पिशवीत भरत होता. लायोनेलला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो आलाच.

"तुकडा काल दुपारी गेला," हेस्टरनं सुरुवात केली. "सिरिल चिप्स आणायला गेला तेव्हा. आत कोण आलं? एक पिशवी. पिशवीत जॅकेटं, वाफ दिलेली, कॉलर कडक. घरातून आलेल्या कपड्यांना कुणी वाफ देऊन पाठवतं का, व्हेरिटी?"

"धुवून पाठवले तरी मी चर्चमधे मेणबत्ती लावेन."

"आतल्या शिवणीत चिठ्ठीचा दोरा. वास लॅव्हेंडरचा. म्हणजे ही जॅकेटं समोरच्या मांजरांच्या दुकानातून आली."

"चोरून?" ग्लेनिसचे डोळे चमकले.

"विकत घेऊन. चोरलेल्या कपड्याची चिठ्ठी फाडायला वेळ कुणाला? कुणीतरी समोर पाच जॅकेटं विकत घेतली, रस्ता ओलांडला आणि इथे दान केली. का? मागच्या दारानं आत यायला एकच निमित्त चालतं, हातात पिशवी. तू किंवा व्हेरिटीनं तुकडा नेला असता तर पिशवी कशाला लागली असती? तुम्ही आतच होता."

"म्हणजे लायोनेल," डेन्झिल म्हणाला. त्याला हे सोडवत नव्हतं.

"त्याच्या गाडीत बसायला जागा नाही इतक्या पिशव्या आहेत. एक उचलली की झालं. जॅकेटं विकत घेऊन फुकट द्यायची? लायोनेल? आजारी पडेल तो."

"पडेन," लायोनेल म्हणाला.

"शिवाय तो ससा घेऊन गेला असता. त्याची किंमत आहे. ज्यानं तुकडा नेला त्याला ससा नको होता. त्याला बदक हवं होतं. फक्त ते बदक नाही." हेस्टरनं भोकावरून बोट फिरवलं. "कपाळ, नाक, हनुवटी. मुलगी आहे. आणि मागची शेपटी म्हणजे वेणी."

सिरिलनं पिशवीतून भिंग परत काढलं आणि भोकावर धरलं.

"तेव्हा प्रश्न एकच. गावात असं कोण आहे, ज्याच्याकडे दान करायला एक जुना मोजासुद्धा उरलेला नाही? ज्याला दानाची पिशवीसुद्धा विकत आणावी लागते?"

डेन्झिलनं अर्सुलाकडे बघितलं. मग तिच्या वेणीकडे. मग त्याला स्वतःचाच राग आला. भांड्यातून चहा प्यायला तो, आणि कळलं मात्र नाही.

अर्सुलानं कोटाच्या खिशात हात घातला आणि तुकडा टेबलाच्या कडेवर ठेवला.

"माझ्या वडिलांनी कापलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्यांचं सगळं मी एका शनिवारी देऊन टाकलं. वर्गात सांगते तसंच. हातात घ्या, विचार करू नका, पिशवीत टाका. गुरुवारी ग्लेनिस म्हणाली, बंदराचं जिगसॉ जुळलंय. घरी गेले तर डोळा लागेना."

"मागायचं होतंस," ग्लेनिस म्हणाली.

"कुणाला? तुला? पहिल्या रांगेत बसून मान डोलावतेस तू. उद्या गावभर झालं असतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान."

"आणि माझं काय झालं असतं?" सिरिल म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणून जास्त लागलं.

"मला वाटलं, एकच तर तुकडा. अशा जिगसॉत एखादा तुकडा कमी असतोच."

"माझ्या टेबलावर नसतो."

अर्सुलानं तुकडा उचलला आणि स्वतः भोकात बसवला. अंगठ्यानं दाबला. अंगठा काढायला तिला वेळ लागला.

"आता ते गाढवांचंच," ती म्हणाली. "मीच दिलं होतं. सिरिल, चुकलं माझं."

ग्लेनिसनं घसा साफ केला, किटली भरली, बंद केली, परत उघडली. "टेबल इथेच राहील," ती किटलीला म्हणाली. मग वळून सिरिलला. "इथेच राहील. आणि मी बोलले ते फार बोलले."

"फारच बोललीस," सिरिल म्हणाला. त्यानं कोट काढून खिळ्याला लावला, पेन घेतलं, खोक्यावर आधी लिहिलेलं 'पूर्ण' खोडलं.

"अरे, काय करतोस?" ग्लेनिस म्हणाली. "लिलाववाले येतील आता."

"येऊ देत. चहा द्या त्यांना. एक तुकडा माझ्या नकळत जाऊन आला. बाकीच्यांची खात्री मी कशी देऊ? टेबलावरून काही हललं तर मोडायचं आणि पहिल्यापासून जोडायचं, हा माझा नियम आहे. लिलाववाल्यांसाठी बदलणार नाही."

त्यानं दोन्ही हातांनी बंदर मोडलं. होड्या, समुद्र, ससा, मुलगी, सगळं एका ढिगात. मग कपड्यांच्या ढिगाखालून दुसरी खुर्ची ओढून काढली आणि टेबलाशी लावली.

"बस," तो अर्सुलाला म्हणाला. "कडेचे तुकडे तू शोध. एकट्याला दोन दिवस लागतील."

अर्सुला बसली. तिनं ढिगात हात घातला, एक तुकडा काढला, उलटा करून बघितला, आणि बघतच राहिली.

"विचार करू नको, लाव," सिरिल म्हणाला.

ती हसली. व्हेरिटीनं वाफ बंद केली आणि वाकून बघायला लागली. डेन्झिलनंही एक स्टूल ओढलं. आकाशाचा एक तुकडा त्याला लगेच सापडला. तो कुठे बसतो ते बघणार, इतक्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. मग परत. कुणीतरी गादी घेऊन आलं होतं आणि डेन्झिलची गाडी मागच्या दारात आडवी उभी होती.

"कुठला आहे तो?" सिरिलनं विचारलं. "डावीकडचा की उजवीकडचा?"

"माहीत नाही," डेन्झिल तुकडा टेबलावर ठेवत म्हणाला. "बघा तुम्ही. मला आता गाडी काढायला हवी."