तीन तासांची ‘नाही’

वजदी पहिल्यांदा आला तो भांडायलाच. बाब दिवान या जुन्या वेशीसमोरच्या छोट्याशा होस्टिंगच्या ऑफिसात, काखोटीला लॅपटॉप मारून, कपाळावरचा पाऊस बाहीनं पुसत...

“सकाळी आमच्या मिठाईच्या दुकानाची वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली. गिऱ्हाइकं अजून जुन्याच पत्त्यावर धडकतायत! इथं कुणी काम करतं की नाही?”

“करतं ना,” दोर्रा म्हणाली. “मी करते. बसा.”

तिनं संगणकावर काळी खिडकी उघडून एका ओळीचा हुकूम दिला. जुना पत्ता उमटला. मग त्याच ओळीत दुकानाच्या नावाची मूळ नोंद ठेवणाऱ्या नेम सर्व्हरचं नाव घातलं, तर नवा पत्ता!

“पाहिलंत? आधी मी शेजाऱ्याला, म्हणजे आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरला विचारलं. तो एकदा ऐकलेलं उत्तर मुदत संपेपर्यंत घोकत बसतो. मग थेट घरधन्याला, म्हणजे नेम सर्व्हरला विचारलं. पत्ता बदलण्याआधी मुदत कमी करायची असते, सी वजदी. आता उद्यापर्यंत वाट बघा.”

“उद्यापर्यंत... इथंच बसून?”

“घरी बसून!” ती म्हणाली, पण हसू काही तिला लपवता आलं नाही.

त्यानंतर त्या दुकानाच्या वेबसाइटला रोज काहीतरी व्हायला लागलं. आज ईमेल, उद्या आणखी काही. दर खेपेला बक्लाव्याचा डबा यायचा. कोपऱ्यातल्या टेबलावरचे साहेब, सी मुनसफ, चष्म्याआडून बघायचे आणि निमूटपणे दोन तुकडे उचलायचे. दोर्रानं त्याला सगळं शिकवलं. नावाखाली पत्त्यासारखीच मजकुराची एक ओळही ठेवता येते, हेसुद्धा. त्याच्या दुकानाच्या नावाच्या सगळ्या मुदतीही तिनंच लावून दिल्या. महिन्याभरात मानाचं ‘सी’ गळून नुसतं ‘वजदी’ उरलं, ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. पुढचं मात्र दोघांच्याही ओठांवर अडलं होतं.

आणि एका दुपारी तो आला तो बॅग घेऊनच.

“ट्युनिसला नवी शाखा काढतोय. बाबा म्हणतात, तूच सांभाळ. आज पाचची गाडी.”

दोर्रानं मान स्क्रीनकडे वळवली. “बरं झालं. माझं डोकं खाणारं एक गिऱ्हाईक कमी.”

“दोर्रा... मला तोंडानं नाही जमत. तीन वाजता आमच्या दुकानाच्या नावाखालची मजकुराची ओळ विचारून बघ. आवडली तर स्टेशनवर ये. नाही आवडली तर... बक्लावा तेवढा खा.”

तीनपर्यंत धीर कुणाला धरवणार? तिनं अडीचलाच विचारलं. काहीच नाही. तीनला विचारलं, नाही. साडेतीनला, नाही. चारला विचारताना तिचे डोळे भरून आले होते. ऐन वेळी शेपूट घातलं की काय यानं? की नुसती थट्टाच केली? तिनं डब्याचं झाकण दाणकन लावलं.

पाचला वीस मिनिटं असताना सी मुनसफ खाकरले. “पोरी, तू अजून इथंच?”

“कुठं जाऊ? त्यानं काही लिहिलंच नाही.”

“तू विचारलंस कुणाला?”

“आपल्याच सर्व्हरला. अडीचपासून विचारतेय.”

“अडीचला? ओळ पडायच्या आधीच?” ते गालातल्या गालात हसले. “मी आपलं थेट घरधन्याला विचारलं.”

दोर्रानं कपाळावर हात मारला. ‘नाही’ हेसुद्धा उत्तरच, आणि शेजारी तेही जपून ठेवतो! तिच्याच हातानं लावलेली तीन तासांची मुदत. म्हणजे साडेपाचपर्यंत नन्नाचा पाढा. रोज गिऱ्हाइकांना शिकवायचं आणि आपण मात्र...

तिनं घरधन्याचं नाव घालून हुकूम दिला. ओळ उमटली:

“दोर्रा, पहिल्या दिवसानंतर वेबसाइटला कधीच काही झालं नव्हतं. मलाच झालंय. येतेस?”

ती छत्री विसरून धावत सुटली.

गाडी फलाटावर उभी होती आणि वजदी दाराशी, अर्धा आत, अर्धा बाहेर. तिला पाहून तो उतरलाच.

“मला वाटलं, तुला नाही आवडली...”

“वेड्या, जगातल्या कुणालाही वाचता येईल अशा जागी लिहितोस?”

“पण विचारणारी तू एकटीच ना?”

“सी मुनसफनी विचारलं.”

वजदीचे कान लालबुंद झाले. शिटी झाली, गाडी हलली, आणि त्याची बॅग ट्युनिसला एकटीच निघाली. दोघांपैकी कुणाचंही तिकडं लक्ष नव्हतं.

“आता मी मधल्या कुणालाही विचारणार नाही,” धापा टाकत दोर्रा म्हणाली. “थेट तुलाच विचारतेय. बोल.”

“दोर्रा, माझं... माझं तुझ्यावर प्रेम आहे,” वजदी म्हणाला. मग जरा घाबरतच त्यानं विचारलं, “आणि तुझं उत्तर?”

“हो,” ती म्हणाली. “आणि याला मुदत नाही.”